तू कोणाची गं?

डर्बनमध्ये माझ्या भाच्याच्या घरी त्याची एक झुलू सहकारी जेवायला आली होती, त्या संध्याकाळी माझे लक्ष वाढण्यापेक्षा तिच्या मनगटांकडेच अधिक होते. डाव्या हातात नाजूक घड्याळ होते आणि उजव्या हातात केसांसकट कापलेली, कडेने आकसून वाळलेली कातडीची एक रुंद पट्टी होती. पानावर तूप वाढायला मी वाकले तेव्हा त्या पट्टीचा उग्र वासही मला आला. माझी नजर तिने ओळखली. ती बोकडाची कातडी होती. तिला इसिफांद्ला म्हणतात. घरी पूर्वजांसाठी बोकड कापला की घरच्या माणसाच्या मनगटावर ही पट्टी चढवतात. ती हौसेने काढून ठेवायची नसते, आपोआप सुटून पडेपर्यंत अंगावर वागवायची असते. कार्यालयातल्या बंद खोलीत हे कसे चालते, असे मी न राहवून विचारले. ‘‘ज्यांना कळते ते विचारत नाहीत, आणि ज्यांना कळत नाही ते खिडकीजवळ जाऊन बसतात,’’ असे ती म्हणाली आणि तिने आणखी वरण मागून घेतले.

तिच्या वडिलांना जाऊन वर्ष उलटून गेले होते. त्यांना विधिपूर्वक घरी परत आणण्याचा समारंभ, म्हणजे उकुबुयिसा, येत्या शनिवारी गावी व्हायचा होता. दक्षिण आफ्रिकेत २४ सप्टेंबरला वारसा दिनाची सुट्टी असते. २०२४ मध्ये ती मंगळवारी आली होती आणि सोमवारची रजा टाकून पुष्कळ मंडळी गावाकडे निघाली होती. तिने मलाही बोलावले, आणि एखाद्या कार्यक्रमाला ‘येते’ म्हणावे तितक्या सहजपणे मी ‘येते’ म्हणाले. फोनवर हे ऐकून बडोद्याहून वहिनी एवढेच म्हणाली, ‘‘वन्सं, पितृपक्ष चालू आहे. आपल्या घरचे पितर इथे जेवायला येणार, आणि तुम्ही दुसऱ्यांच्या पितरांकडे चाललात.’’

या विषयाकडे मी अगदी कोऱ्या मनाने गेले असे म्हणता येणार नाही. आफ्रिका म्हणजे कमाटी बागेतल्या संग्रहालयातली इजिप्तची ममी, इतकेच माझे बालपणीचे ज्ञान असले तरी भुवा मात्र बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला परका नसतो. दांडिया बाजारातल्या आमच्या घरामागच्या वस्तीत रात्री डाकलां वाजू लागले की आई खिडक्या लावून घेत असे, आणि आम्ही भावंडे फटीतून पाहत असू. भुवा घुमू लागे, मूठभर गव्हातून चिमटीने दाणे उचलून मोजी, आणि घरावरचे संकट कोणाच्या रागामुळे आले ते सांगे. याला गुजरातीत ‘दाणा जोवा’ म्हणतात. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले ते काय हे पाहण्यासाठी, असे वडील दर वेळी चिडून म्हणत. त्याच वडिलांनी अष्टमीच्या रात्री महालक्ष्मीपुढे घागर फुंकणाऱ्या आमच्या एका काकूच्या अंगात देवीचा संचार झाला असता हात जोडून माझ्या लग्नाचे विचारले होते, हेही मला चांगले आठवते. भुवा म्हणजे अंधश्रद्धा आणि घागर म्हणजे कुळाचार, ही विभागणी आमच्या घरात कोणी कधी तपासून पाहिली नव्हती.

गावी जाण्यापूर्वी भाच्याने मला वॉरविक जंक्शनचा वनौषधींचा बाजार दाखवला. रेल्वे स्थानकाजवळ, वापरात न आलेल्या उड्डाणपुलाच्या एका तुकड्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस औषधी विकणाऱ्यांसाठी गाळे बांधण्यात आले. त्याआधी ही मंडळी खालच्या पदपथांवर बसत असत. सालींच्या गुंडाळ्या, मातीसकट उपटलेले कंद, मुळ्यांच्या जुड्या, आणि मधूनच सापाची कात किंवा वाळलेले पाखरू. मूळ झुलू शब्द ‘उमुथी’ असा आहे आणि त्याचा अर्थ झाड असाही होतो आणि औषध असाही. बडोद्यात मांडवीच्या आसपास अशा काष्ठौषधी विकणाऱ्या जुन्या दुकानदाराला गुजरातीत गांधी म्हणतात. त्याच आडनावाचा एक तरुण वकील १८९३ मध्ये याच डर्बनला उतरला होता. इथे मला एक अनपेक्षित मान मिळाला. रोमन लिपीत लिहिलेले झुलूतले ख, थ आणि फ हे आपल्यासारखेच महाप्राण उच्चारायचे असतात, आणि इंग्रजी वळणाच्या जिभेला ते साधत नाहीत. पूर्वजांना बोलावण्यासाठी जाळतात त्या सुगंधी वनस्पतीचे नाव मी ओठ मिटून ‘इम्फेफो’ असे नीट म्हटले, तेव्हा विक्रेत्या बाईने मला पुन्हा एकदा म्हणायला लावले आणि शेजारच्या गाळेवालीलाही ऐकवले.

त्या बाजारात मला भारावून जाता आले नाही, हेही सांगायला हवे. इसिभाहा नावाच्या झाडाची तिखट साल खोकल्यावर देतात, आणि तिला इतकी मागणी आहे की खोडाची साल सभोवार सोलल्यामुळे रानातली झाडे उभ्या उभ्या वाळून गेली. डर्बनजवळ सिल्व्हरग्लेन येथे अशा वनस्पतींची रोपे मुद्दाम वाढवण्याची रोपवाटिका काढावी लागली, ती याच कारणाने. गिधाडाला दूरचे दिसते म्हणून त्याच्या मेंदूने माणसालाही पुढचे दिसते, असे मानून तिकडे गिधाडे मारली जातात. आपल्याकडची गिधाडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने संपवली, म्हणजे आपले हात स्वच्छ आहेत असे नाही. सर्वांत विलक्षण गोष्ट ‘इम्पिला’ नावाच्या मुळीची आहे. या शब्दाचा झुलूत अर्थच आरोग्य असा आहे, आणि तिच्या काढ्याने यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे दगावल्याची नोंद डर्बनच्या डॉक्टरांनी करून ठेवलेली आहे. इन्यांगा म्हणजे झाडपाल्याचा जाणकार आणि सांगोमा म्हणजे पूर्वजांचा कौल सांगणारी व्यक्ती, असा भेद जुन्या काळापासून केला जातो, पण आता एकाच व्यक्तीने दोन्ही कामे करणे सर्रास आहे. त्यामुळे मुळीची मात्रा कोण ठरवतो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गाळ्यावर निराळे मिळते.

शनिवारी पहाटे आम्ही उत्तरेकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती ऊस होता. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ जहाजातून मद्रासहून आलेली गिरमिटियांची पहिली तुकडी याच उसाच्या मळ्यांसाठी आणली गेली होती. थुकेला नदी ओलांडली की जुनी नाताळ वसाहत संपून झुलूंचा मुलूख सुरू होतो. गिंगिंद्लोवूवरून आत वळल्यावर चढ लागला, आणि हिवाळ्यात जाळलेल्या गवताच्या काळ्या उतारांवर नव्या पालवीचे हिरवे ठिपके दिसू लागले. एशोवे गावाच्या पुढे, एका टेकडीच्या उतारावर, तिचे घर होते. विटांचे चार खोल्यांचे नवे घर, त्यावर डिश अँटेना, खाली गुरांचा गोल गोठा आणि वरच्या बाजूला गवताने शाकारलेली एक गोल झोपडी, जिला क्वागोगो म्हणजे आजीचे घर म्हणतात.

आम्ही सरळ आत गेलो नाही. फाटकापाशी गाडी थांबवून तिने आम्हाला उभे राहायला सांगितले आणि ती एकटी पुढे गेली. दहा-बारा मिनिटांनी तिचे वृद्ध काका हातात काठी घेऊन आले. त्यांनी भाच्याची विचारपूस केली, मग माझ्याकडे पाहून काही विचारले. ‘‘मामा कोणाच्या घरच्या, असे ते विचारत आहेत,’’ असे तिने सांगितले. झुलूत वडीलधाऱ्या स्त्रीला ‘मामा’ म्हणतात, आणि दिवसभर सर्वांनी मला मामा म्हटल्याने भाच्याला हसू आवरत नव्हते, ते असो. मी माझे नाव आणि आडनाव सांगितले. काकांनी मान हलवली नाही. ते नवऱ्याचे घर झाले, तुमचे घर कोणते, असा त्यांचा प्रश्न होता.

बडोद्यातल्या विठ्ठल मंदिरात भजनाला जमणाऱ्या म्हाताऱ्या लहानपणी आम्हाला अडवून ‘तू कोणाची गं?’ असे विचारत, आणि उत्तरात वडिलांचे नाव सांगितले की त्यांचे समाधान होत असे. लग्नानंतर तोच प्रश्न आला की उत्तर बदलले, कारण विवाहहोमानंतर माझे गोत्रच बदलले होते. झुलू रिवाज याबाबतीत वेगळा आहे. खुमालो घराण्यातली मुलगी लग्न होऊन कोठेही गेली तरी सासरी तिला माखुमालो असेच हाक मारतात, म्हणजे खुमालोंची लेक. यजमानीणबाईंना, माझ्या भाच्याच्या सहकारीच्या आईला, त्या घरात चाळीस वर्षे होऊन गेली होती, पण दीर, जावा, नातवंडे, सर्वजण त्यांना त्यांच्या माहेरच्या घराण्याच्या नावानेच हाक मारत होती. मी माझ्या वडिलांचे आडनाव सांगितले तेव्हा काकांनी ते दोनदा उच्चारून पाहिले, गोठ्याच्या दिशेने तोंड करून काही शब्द बोलले, आणि आम्हाला आत घेतले. पाहुणे कोण आले आहेत हे त्यांनी खालच्यांना कळवले होते. पूर्वजांना अमाद्लोझी म्हणतात तसेच अबाफांसी, म्हणजे जमिनीखालचे, असेही म्हणतात.

झोपडीच्या दाराशी चपला काढल्या आणि वाकून आत शिरताच मला पहिली जाणीव झाली ती शेणाच्या सारवणाची. जमीन सारवून, वर घोटून इतकी गुळगुळीत केली होती की माझ्या आजीच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. दारातून आत जाताना उजवी बाजू पुरुषांची आणि डावी बायकांची असते. मला डावीकडे गवती चटईवर पाय एका बाजूला घेऊन बसवण्यात आले. डोके आणि खांदे झाकलेले असावेत म्हणून तिने माझ्यासाठी शाल आणली होती, पण मी सुती नेसले होते आणि पदर डोक्यावरून घेतला, तेव्हा एका म्हातारीने पदराचा काठ बोटांत धरून पाहिला आणि शाल परत पाठवली. दारासमोरच्या भिंतीलगतची, आतल्या टोकाची जागा म्हणजे उमसामो. ती पूर्वजांची. तेथे काळ्याभोर मातीच्या मडक्यात, उखांबामध्ये, घरी गाळलेली ज्वारी-मक्याची बिअर, उम्कोंबोथी, ठेवली होती, शेजारी तपकिरीची डबी होती, आणि खापरावर इम्फेफो धुमसत होता. त्याचा धूर उदाइतका जड नसतो. वाळक्या गवताला थोडे गोडसर वळण द्यावे तसा तो वास आहे, आणि तो माझ्या साडीला पुढचे दोन दिवस येत राहिला.

काका उमसामोसमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी घराण्याची बिरुदे म्हणायला सुरुवात केली. प्रत्येक झुलू घराण्याची अशी एक माळ असते, तिला इझिथाकाझेलो म्हणतात, आणि तीत मूळ पुरुषांची नावे गुंफलेली असतात. मला वाटले होते त्याप्रमाणे पुढे मंत्र आले नाहीत. तिने कानात भाषांतर करून सांगितले ते असे होते की, छप्पर दुरुस्त झाले, धाकट्याला नोकरी लागली, वरच्या शेताचा तंटा अजून मिटलेला नाही, आणि आता तुम्ही बाहेर भटकू नका, आपल्या वडिलांजवळ येऊन बसा, मुलांकडे पाहा. घरातल्या वडीलधाऱ्याला पत्र लिहावे तशी ती भाषा होती. मधेच एका मुलाचा मोबाईल वाजला आणि काका न थांबता त्याच्याकडे रोखून पाहत पुढे बोलत राहिले.

वडिलांचा जीव आधी रुग्णालयातून घरापर्यंत कसा आणला, ही हकीकत तिने नंतर सांगितली, आणि ती मला सगळ्या समारंभापेक्षा जवळची वाटली. ते डर्बनच्या एका रुग्णालयात वारले होते. माणूस घराबाहेर वारला की त्याचा आत्मा त्या जागीच राहतो, त्याला आणायला घरच्या माणसाने उमलाह्लांकोसी नावाच्या झाडाची फांदी घेऊन जायचे असते. हे झाड आपल्या बोरीच्याच कुळातले आहे आणि त्याचे काटे बोरीसारखेच जोडीने येतात, एक सरळ, एक वाकडा. तिच्या थोरल्या भावाने रुग्णालयातल्या त्या खाटेपाशी जाऊन वडिलांना हाक मारली, फांदी हातात घेतली, आणि मिनिबस टॅक्सीत दोन जागांचे पैसे दिले. त्या प्रवासात इतर कोणाशी बोलायचे नसते; फक्त फांदीला सांगत राहायचे, आता आपण नदी ओलांडतो आहोत, आता वळण आले. शेजारची रिकामी जागा पाहून एक प्रवासी बसायला आला, फांदी दिसताच मागे सरकला आणि एशोवेपर्यंत उभा राहिला.

दुपारी गोठ्याकडे बैल कापला गेला. बायका गोठ्यात जात नाहीत, त्यामुळे ते पाहण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही, परंतु आवाज झोपडीत स्पष्ट आला, आणि तो आला तेव्हा माझ्याभोवतीच्या बायकांचे चेहरे उजळले. बैलाचे हंबरणे म्हणजे खालच्यांनी ऐकल्याची खूण, असे तिने सांगितले. मी हातातल्या पदराकडे पाहत बसून राहिले. मला त्याचे वाईट वाटले, हे मी येथे लपवत नाही, आणि त्या घराला ते बोलून दाखवण्याचा मला काही अधिकार होता असेही मला वाटत नाही. मांसाचा काही भाग रात्रभर उमसामोपाशी ठेवतात. पूर्वज येऊन तो चाटतात, आणि मग दुसऱ्या दिवशी घरचे जेवतात. नैवेद्याची कल्पना ज्याला समजते त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

माझी खरी चूक जेवणाच्या वेळी झाली. मी मांस खात नाही हे ठाऊक असल्याने यजमानीणबाईंनी माझ्यासाठी मक्याचा मोकळा फुथू, चवळीसारख्या दाण्यांची उसळ, कोबी आणि वाफवलेला पाव असे वेगळे काढून ठेवले होते. डर्बनच्या दुकानात अमासी नावाचे घट्ट, आंबट दूध पिशवीत मिळते, ते मी आठवडाभर दहीभातासाठी आवडीने वापरत होते. फुथूबरोबर ते छान लागेल असे वाटून मी, घरात गुरे आहेत तर थोडे अमासी मिळेल का, असे मोठ्या आपलेपणाने विचारले. सगळ्या बायका गप्प झाल्या. एकीने दुसरीकडे पाहिले. मग कोणीतरी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. गोठ्यातल्या गुरांच्या दुधाचे अमासी घराण्याच्या माणसांनीच खायचे असते, नवी सूनदेखील विधी होईपर्यंत ते खात नाही, आणि परक्याने ते मागणे म्हणजे नाते मागणे आहे, हे मला रात्री गाडीत कळले. दुकानातल्या पिशवीला अर्थातच हा नियम नाही. मी इतकी शरमले की भाच्याने गाडी थांबवून मला पाणी दिले.

रविवारी सकाळी आम्ही तिच्या वडिलांच्या बहिणीकडे गेलो. आत्याला झुलूत ‘बाबेकाझी’ म्हणतात, म्हणजे जवळजवळ ‘स्त्रीरूपातले वडील’. या आत्याबाई सांगोमा होत्या, आणि सांगोमा स्त्रीला वय कितीही असो, ‘गोगो’, आजी, असे म्हणतात. त्यांच्या अंगणात पांढरी माती फासलेली एक मुलगी गुडघ्यांवर बसून मडक्यात काहीतरी घुसळत होती. दोन तळहातांत उभी काठी फिरवण्याची ती रीत आणि तो आवाज मी डोळे मिटूनही ओळखला असता; आमच्या घरी रवी अशीच फिरे. मडक्यात लोणी नव्हते, उबुलावू नावाच्या मुळ्यांचे पाणी होते. त्याचा फेस काठावर आला की तो पितात, उलटून टाकतात, आणि त्याने स्वप्ने स्वच्छ पडतात असे मानतात. ती मुलगी शिष्या होती. सांगोमा होणे ही कोणाच्या इच्छेची गोष्ट नसते; आधी दुखणे येते, डॉक्टरांना काही सापडत नाही, तीच ती स्वप्ने पडत राहतात, आणि अखेर कोणी जाणकार सांगतो की हे पूर्वजांचे बोलावणे आहे. मग गुरूच्या घरी राहून शिकायचे, गुरूशी गुडघ्यांवर बसून बोलायचे, आणि शेवटी सर्वांदेखत लपवलेली वस्तू शोधून दाखवायची. या दीक्षेला उकुथ्वासा म्हणतात, आणि चंद्रकोर उगवते त्यालाही हेच क्रियापद वापरतात.

गोगोंच्या खोलीत, इंदुम्बामध्ये, आधी चटईवर दक्षिणा ठेवावी लागते, मग बोलणे. इम्फेफो पेटला, आम्ही टाळ्या वाजवून ‘थोकोझा’ म्हटले. त्यांनी एका पिशवीत मला फुंकर घालायला सांगितली आणि पिशवी चटईवर उपडी केली. बोकडाच्या सांध्यांची हाडे, दोन कवड्या, एक फासा, डॉमिनोची एक सोंगटी, झिजलेले नाणे. त्या एकेक वाक्य बोलत आणि आम्ही ‘सियावुमा’, म्हणजे मान्य आहे, असे म्हणत होतो. माझा डावा गुडघा दुखतो, हे त्यांनी बरोबर सांगितले, पण मी ज्या रीतीने चटईवर बसले ते पाहून माझ्या सोसायटीच्या पहारेकऱ्यानेही ते सांगितले असते. मला दोन मुलगे आहेत, हे चुकले. भुव्याच्या चिमटीतले दाणे मला आठवत होते आणि मी वडिलांच्या चष्म्यातून सारे पाहत होते.

मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, आणि काकांपेक्षा पुढे जाऊन विचारला. वडिलांचे घर कोणते, त्यांच्या वडिलांचे नाव काय, त्यांच्या वडिलांचे. हे मला येत होते. श्राद्धाच्या दिवशी पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे ऐकत मी मोठी झाले. आता आईचे घर. येथे मी एका पिढीनंतर अडखळले. आणि वडिलांची आई? ती कोणाच्या घरची होती, तिला तिच्या घरी काय म्हणत? मला आजीचे सासरचे नाव ठाऊक होते. तिचे पाळण्यातले नाव लग्नात तांदळात नवे नाव लिहून पुसले गेले, तसे आमच्याकडे सगळ्याच बायकांचे पुसले जात असे, आणि तिच्या सासूचे तर मला काहीच ठाऊक नव्हते. गोगोंनी एक हाड बोटाने बाजूला सारले आणि विचारले की, त्या बायकांना मग कोणत्या नावाने बोलावता? भाचा मराठीत म्हणाला, ‘‘आत्या, मलाही माहीत नाही.’’ तो काय म्हणाला ते सहकारीने विचारून गोगोंना सांगितले. त्यांनी त्याच्याकडे बोट केले आणि म्हणाल्या की हा तुझ्या वडिलांच्या घरचा आहे, याला कळण्याआधी तुला कळले पाहिजे, तू याची बाबेकाझी आहेस.

दुसरे काही त्यांनी सांगितले नाही. इम्फेफोची एक जुडी दिली. विमानतळावर वनस्पतींवरून अडचण नको म्हणून ती मी भाच्याच्या गच्चीतच ठेवली. परतताना तिने सांगितले की ब्रिटिशांच्या १८९१ च्या नाताळ संहितेने इन्यांगांना परवाने दिले आणि सांगोमांना मात्र गुन्हेगार ठरवले. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने २००७ मध्ये पारंपरिक वैद्यांसाठी कायदा केला तेव्हा त्यात दोघांनाही जागा मिळाली. मी तिला सांगितले की आमच्या गुजरात विधानसभेने २०२४ च्या ऑगस्टमध्येच काळ्या जादूविरुद्ध विधेयक मंजूर केले आहे आणि महाराष्ट्रात असा कायदा २०१३ पासून आहे. दोन्ही गोष्टींची गरज असते, असे ती म्हणाली. चेटकीण ठरवून म्हाताऱ्या बायकांना मारण्याचे प्रकार तिच्या आणि माझ्या दोन्ही देशांत झालेले आहेत, आणि त्यावर आम्हा दोघींत काही मतभेद नव्हता.

एक गोष्ट अधिक लिहिते. आधीच्या आठवड्यात मी डर्बनजवळ पर्यटकांसाठीचा एक झुलू कार्यक्रमही पाहिला होता. जागेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. नाच जोरकस होता, पोरे मनापासून नाचत होती, आणि शेवटी एका ‘सांगोमा’ने पाच मिनिटांत हाडे टाकून बसभर पाहुण्यांना सुखाचा प्रवास चिंतला. त्यात मला फसवणूक वाटली नाही; पोटासाठी कला दाखवणे आपल्याकडेही चालते. मात्र तेथे मला कोणी ‘तू कोणाची’ असे विचारले नव्हते.

२ ऑक्टोबरला सर्वपित्री होती आणि मी बडोद्यात होते. भावाने दर्भ घेतले, गुरुजींनी नावे विचारली. मातृत्रयीला आई, आजी, पणजी अशी तीन सासरची नावे झाली. जेवणे आटोपल्यावर मी भावाला पणजीचे माहेर विचारले, त्याला आठवेना, तेव्हा आम्ही सांगलीला आमच्या आत्याला फोन लावला. ती आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ‘‘तिला सगळे माईच म्हणत गं,’’ ती म्हणाली, आणि बराच वेळ फोनमधून फक्त तिच्या पंख्याचा आवाज येत राहिला. ‘‘माहेर वाईकडचे. नाव नदीचे होते एवढे नक्की. कृष्णा, नाहीतर गोदा.’’ श्राद्धाच्या वहीत मी दोन्ही नावे पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.